वाकड्या दांड्याची छत्री

घरात, गल्लीत, बाजारात तिला सगळे पेंटर म्हणत. नवरासुद्धा. लग्नानंतर दोन-चार महिने त्याने नावाने हाक मारून पाहिली, पण ती ओ द्यायची नाही, आणि पेंटर म्हटलं की लगेच वळून बघायची. शेवटी त्याने नाद सोडला. नाव काही तिला फुकटात मिळालं नव्हतं. वडिलांच्या पाट्यांच्या दुकानात ती अकराव्या वर्षी स्टुलावर चढली, ती चौसष्टावं लागलं तरी उतरली नव्हती. दवाखान्याची पाटी तिची, शाळेची तिची, 'येथे वाहने उभी करू नयेत' हेही तिचंच, आणि त्याखाली वाहनं उभी करणारे लोकही तिच्या ओळखीचे. खडू लावलेला दोरा ताणायचा, टिचकी मारून फळ्यावर रेघ उमटवायची आणि दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

गेल्या काही वर्षांत फ्लेक्सवाल्यांनी तिचं बरंचसं काम नेलं. त्याचा तिने फारसा जीव जाळला नाही. यंत्राशी कोण भांडणार? आपल्यापेक्षा चांगलं रंगवणारा माणूस या गावात नाही, एवढ्यावर ती दोन वेळा सुखाने जेवत होती.

आणि मग तिच्या धाकट्या बहिणीने ब्रश हातात घेतला.

धाकटीला लहानपणी एका जागी बसवत नसे, म्हणून वडिलांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. पुढे ती नर्स झाली. चौतीस वर्षं वॉर्डात उभी राहिली, नवऱ्याचं दुखणं काढलं, त्याला पोचवलं, निवृत्त झाली आणि एकदम थांबली. भिंगरी थांबल्यावर आडवी पडते, तशी ती वर्षभर पडूनच होती. दर शनिवारी सकाळी पेंटरच्या दुकानात यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची, चहा घ्यायची, थोरलीचा हात चालताना बघायची आणि म्हणायची, "ताई, तुला कसं गं जमतं?" पेंटर मान वर न करता म्हणायची, "सवय." त्या प्रश्नासाठी पेंटर आठवडाभर वाट बघायची. हे तिने कधी कोणाला सांगितलं नसतं.

एका शनिवारी भिंगरी आली नाही. पुढच्याही नाही. वाचनालयाच्या माडीवर चित्रांचा नवा वर्ग निघाला होता. तिथे म्हणे बघून काही काढायचं नाही, ठरवून काही काढायचं नाही, आतून येईल ते रंगवायचं. त्याने मन मोकळं होतं, माणूस बदलाला घाबरेनासा होतो, असं जाहिरातीत छापलं होतं.

"आतून काय येतं? ढेकर," पेंटर म्हणाली.

"तू एकदा भेट तरी तिला," नवरा म्हणाला. तो बस डेपोत वेळा नोंदवायला होता, आता पेन्शनीत. "अगं, हसत होती परवा. रस्त्यात, एकटीच."

भिंगरी हसली याचा पेंटरला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पाव किलो आनंद झाला आणि किलोभर जळफळाट. वर्षभर आपण चहा पाजला, शेजारी बसवून घेतलं, तेव्हा ही हसली नाही. आणि ती कोण कुठली वर्गवाली बाई हिला चार बाटल्या रंग देते, तर ही रस्त्याने हसत फिरते.

तरी इथवर ठीक होतं. पण वाचनालयाच्या दाराशी बावीस वर्षं पेंटरच्या हातची पाटी होती. तिने रंगवलेल्या सगळ्या पाट्यांत तिची सर्वांत लाडकी. ती काढून वर गच्चीच्या कठड्यावर प्लास्टिकची दिवे लागणारी अक्षरं बसवली. हेही ती गिळून बसली. मग महिन्याभराने नवरा वर्तमानपत्र घडी करत म्हणाला, "ऐकलंस का, दाराशी भिंत मोकळी दिसते म्हणून वर्गातलं एक चित्र तिथे लावणार आहेत. भिंगरीचं निवडलंय, पुरं झालं की लावतील."

पेंटर कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांचं निभावलं.

पुढच्या शनिवारी दुकानाला कुलूप लावून ती वर्गाला गेली. नवऱ्याला सांगितलं, बहिणीचं कौतुक बघायला चाललेय. खरं सांगायचं तर ती दाखवायला चालली होती. एकदा त्या लोकांनी खरा हात बघितला म्हणजे ते आतून-बाहेरून आपोआप बंद पडेल. पिशवीत तिने खडूचा दोरा घेतला, आणि वडिलांचा ब्रश. खारीच्या केसांचा, लांब, बारीक. वडील गेल्यापासून त्या ब्रशला तिच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. भिंगरीने एकदा उचलला होता, तेव्हा ती एवढी खेकसली की बिचारीने तो गरम तव्यासारखा खाली ठेवला होता.

माडीचा जिना चढून ती दारात उभी राहिली, तर आतून एक म्हातारे शिंपी ओरडले, "या, या पेंटर! तुमचीच वाट बघतोय."

पेंटरने ओळखीचं हसू आणलं, मान झुकवली. तेवढ्यात मागून भिंगरी जिना चढून आली आणि म्हणाली, "आले हो. आज ताईलाही आणलंय." शिंपी तिच्याशीच बोलत होते. पेंटरने झुकवलेली मान तशीच खाली ठेवून चप्पल काढली.

वर्गाच्या बाई उंच, सडसडीत, पायात दोन वेगळे मोजे घातलेल्या. तो गबाळेपणा की तेही आतून आलेलं, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नियम सांगितले. पुसायचं नाही. फाडायचं नाही. दुसऱ्याच्या चित्राला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. जे कागदावर आलं ते आलं, आता त्याच्यापुढे काय, एवढंच हाताला विचारायचं. दुसऱ्याच्या चित्राला हात लावू नये असा नियम नव्हता. असं कोणी करेल हे बाईंच्या मनातही आलं नसावं.

भिंतीवर माणसाच्या उंचीचे कागद टाचले होते. पेंटरने आपल्या कागदासमोर उभं राहून दोरा काढला, एक टोक शिंप्यांना धरायला दिलं, टिचकी मारली. सरळ रेघ उमटली. दुसरी मारली. दोन्हींच्या मध्ये काय भरायचं ते मात्र सुचेना. पाटीवर काय लिहायचं ते गिऱ्हाईक सांगतं. इथे गिऱ्हाईकच नव्हतं. अख्खा तास ती ब्रश बोटात फिरवत उभी राहिली. बाई एकदा मागून गेल्या आणि म्हणाल्या, "रेघा नसत्या तर काय काढलं असतं?"

"रेघा नसत्या तर वाकडं झालं असतं," पेंटर म्हणाली.

"बरं," म्हणून बाई पुढे गेल्या. समजूत घालायला थांबल्या असत्या तरी पेंटरला राग आला असता, गेल्या म्हणून जास्त आला.

आणि शेजारी भिंगरी. बाही कोपरावर, केसाला निळा रंग, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हाताची चारही बोटं रंगात. शेंदरी रंगाचा एक मोठा डोंगरासारखा आकार, त्याच्या कडेने ओघळलेलं निळं. कड कुठे जाड, कुठे तुटलेली, कुठे हातानेच फासलेली. ती मधेच मागे सरकायची, चित्राकडे बघायची, आणि चेहऱ्यावर असं काही यायचं की पेंटरला वाटायचं, या बाईला आपण ओळखत नाही. पेंटरला त्रेपन्न वर्षांत एकाही पाटीसमोर तसं झालं नव्हतं. पाटी झाली की ती खालची रेघ तपासायची आणि ब्रश धुवायची.

तीन शनिवार असे गेले. पेंटरच्या कागदावर रेघांशिवाय काही नव्हतं. घरी मात्र ती सांगायची, तिथलं अंगणच वाकडं आहे, कोण नाचणार? नवरा हसायचा नाही. हसला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

चौथ्या शनिवारी ती नेहमीसारखी वेळेच्या आधी पोचली. तिच्या धंद्यात उशिरा येणाऱ्याची पाटी ओली राहते. शिपायाने माडी उघडून दिली आणि तो खाली गेला. हॉलमध्ये कोणी नव्हतं. भिंगरीचं चित्र समोरच होतं, त्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावलेली, दाराशी लावायचं म्हणून. आज ते पुरं व्हायचं होतं.

पेंटर आधी लांबून बघत होती, मग जवळून. शेंदरी आकाराची उजवी कड फारच गचाळ होती. एक ओघळ तर खाली येता येता वळून भलतीकडेच गेला होता. हे दाराशी लागणार. तिच्या पाटीच्या जागी. येणारे-जाणारे म्हणतील, पेंटरच्याच घरातलं ना हे? ती स्वतःशीच म्हणाली, लोकांनी हिला हसू नये एवढंच. माणूस दुसऱ्याचं नुकसान करताना पहिल्यांदा स्वतःशी असंच काहीतरी चांगलं बोलतो.

तिने वडिलांचा ब्रश काढला, बाटलीतला शेंदरी तंतोतंत जुळवून घेतला आणि कड कापली. एका दमात, वरपासून खालपर्यंत, श्वास रोखून. रंग भरून ओघळ झाकला. शेवटी ब्रश किंचित फिरवून उचलला, वडिलांनी शिकवला होता तसा, म्हणजे रेघ टोकाला बारीक होऊन संपते. पाच मिनिटांचं काम. मागे सरकून बघितलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

मग माणसं यायला लागली. शिंपी आले, बाई आल्या, भिंगरी आली. तिने पिशवी खाली ठेवली, बाही वर सारली, चित्राकडे वळली. आणि तशीच उभी राहिली.

"ही कड माझी नाही," ती म्हणाली.

शिंपी स्वतःच्या कागदात डोकं घालून उभे राहिले. बाईंनी चित्राकडे बघितलं, मग पेंटरकडे, आणि ओठ आवळून धरले. नियम करणारीला नियमात नसलेलं काही सापडलं होतं.

"जरा नीट केली," पेंटर म्हणाली. "दाराशी लागणार म्हणून. ओघळ आला होता तिथे."

"तो मी येऊ दिला होता, ताई." भिंगरीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर पेंटरला भांडता आलं असतं. "त्याला आठ दिवस बघत होते मी. आज त्याच्यावरूनच पुढे जाणार होते."

"मला काय माहीत?"

"नाही माहीत. असू दे." भिंगरीने त्या सरळ कडेच्या टोकाला बोट लावलं, जिथे रेघ बारीक होऊन संपत होती. "तुम्हा दोघांचा हात एकच. बाबांनीही माझी पाटीवरची छत्री अशीच नीट केली होती. आठवतं तुला? मी सहा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी पळत आले बघायला, तर तिथे दुसरीच छत्री. इतकी सुंदर होती ना गं. बघितल्याबरोबर कळलं मला, की आपल्याला येत नाही. मग ब्रश घेतलाच नाही हातात." ती थोडं हसली. "बाबांचं बरोबरच होतं म्हणा. धंद्याची पाटी होती."

पेंटरला आठवत होतं. विसरायला तिला एक दिवसाचीही सवड मिळाली नव्हती.

छत्री दुरुस्त करणाऱ्याची पाटी. वडील जेवायला गेले होते. भिंगरीने कुठूनसा ब्रश पैदा केला आणि पाटीच्या मोकळ्या कोपऱ्यात निळी छत्री काढली. काड्या कापडाबाहेर आलेल्या, दांडा असा वाकडा की छत्री पाय उचलून निघालीय असं वाटावं. आईने तिचा रंगलेला फ्रॉक बघितला आणि कान धरून तिला घरी नेलं. मग वडील आले. बारा वर्षांची पेंटर श्वास रोखून बसली होती, आता ओरडतील म्हणून. वडील हसले. गडगडून हसले. समोरच्या न्हाव्याला हाका मारून बोलावलं. "ही बघा माझी पोर," म्हणाले. "अरे, ही छत्री चाललीय कुठेतरी." न्हावीही हसला. वडील म्हणाले, पाटी अशीच देणार, आणि छत्रीवाला नाही म्हणाला तर घरी लावणार.

पेंटर तेव्हा वर्षभर अक्षरं भरत होती. वर्षभरात वडील तिला म्हणाले होते, "खालची रेघ बघ." हसून त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं.

दुपारी ते एक पाटी टांगायला गेले, तेव्हा तिने पांढऱ्या रंगाने ती छत्री झाकली आणि वर नवी काढली. आठ काड्या, नेमक्या. वडील परत आले, पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हात बसला तुझा." एवढंच. ते एवढंसं वाक्य तिने जन्मभर पुरवून वापरलं. आणि दुसऱ्या दिवशी धाकटी पळत आली, तेव्हा वडील दुकानात नव्हते. "माझी छत्री कुठेय?" तिने विचारलं. थोरली म्हणाली, "बाबांनी नीट केली."

आत्ताही गप्प राहणं सोपं होतं. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि मेलेला माणूस काही आळ झटकायला येत नाही. भिंगरीने तर त्यांना माफही करून टाकलं होतं. एक शब्द न बोलता सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पेंटर पेंटर राहिली असती, वडील वडील.

पण भिंगरी म्हणाली होती, बाबांचं बरोबरच होतं. ते वाक्य काही पेंटरला गिळता येईना.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. "मी."

भिंगरीने मान वळवली.

"छत्री मी झाकली. बाबांना ती आवडली होती. न्हाव्याला बोलावून दाखवली त्यांनी. हसत होते नुसते. ही छत्री चाललीय कुठेतरी, म्हणाले. तुझी छत्री घरी लावणार होते. मला नाही बघवलं ते. आताही नाही बघवत. तुझं चित्र दाराशी लागणार, हे मला बघवत नाही, भिंगरे. लोक तुला पेंटर म्हणतात, तेही नाही ऐकवत."

हॉलमध्ये कुठेतरी नळ गळत होता. भिंगरीने आपले ब्रश गोळा केले, मोरीपाशी गेली आणि ते धुवायला लागली. अजून ते रंगात बुडालेही नव्हते. ती पाठमोरी धूतच राहिली. एकदा तिचे खांदे हलले. रडणं होतं की आणखी काही, ते दिसत नव्हतं. बाई तिच्या दिशेने दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

पेंटरला जिना दिसत होता. चप्पल पायात सरकवायची आणि खाली उतरायचं, झालं. तिने पिशवी उचललीही. पण पिशवीत ब्रश नव्हता, तो अजून हातातच होता. वडिलांचा ब्रश, टोकाला शेंदरी रंग.

ती आपल्या कागदाकडे वळली. चार आठवड्यांच्या खडूच्या रेघा तिथे होत्या, एकाखाली एक. तिने डब्यातल्या पाण्यात ब्रश धुतला, निळा घेतला, आणि रेघांकडे न बघता वरून सुरुवात केली. छत्रीचं कापड एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला खचलेलं. काड्या बाहेर आलेल्या, सात, आठवी विसरलेली. बावन्न वर्षांपूर्वी पांढऱ्या रंगाखाली घालण्याआधी तिने ती छत्री नीट बघून ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने हाताला टेकू दिला नाही. निळा रंग ओघळला, तो तिने येऊ दिला. शेवटी दांडा काढला.

नळ कधी बंद झाला तिला कळलं नाही. भिंगरी शेजारी येऊन उभी होती. डोळे लाल, हात ओले. तिने छत्रीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, पाटीसमोर वडील उभे राहिले होते तेवढा.

"हीच?" तिने विचारलं.

"हीच."

भिंगरीने नाक ओढलं. पेंटरने मान खाली घातली होती. काय येईल ते येऊ दे, म्हणून ती थांबली होती.

"दांडा इतका सरळ नव्हता," भिंगरी म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

पेंटरने वडिलांचा ब्रश तिच्या हातात दिला.